वाफेची डबी

माझ्या गराजमध्ये नवीन माणूस आला की खुर्च्या, पेट्या, घड्याळाच्या चौकटी बघून विचारतो, "हे सगळं तुम्ही स्वतः केलंत?" मग मी थोडा लाजल्यासारखं करतो आणि पुढचा अर्धा तास त्याला सोडत नाही. अहिल्याताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी असलं काहीच विचारलं नाही. कोपऱ्यात रचलेल्या ठोकळ्यांमधला एक उचलला, नखानं खरवडला, नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "ही वेडी बाभूळ कशाला ओ साठवलीय एवढी?"

मला राग आला. ते मेस्कीट होतं. टेक्ससमधले लोक मेस्कीटची जेवणाची टेबलं करून घेतात आणि पाहुण्यांना त्यावरून हात फिरवायला लावतात. तसं मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की त्यांच्याकडे हे बंबात घालतात. त्या गेल्यावर मी गुपचूप शोधून पाहिलं, तर दोन्ही झाडं एकाच कुळातली निघाली. ही गोष्ट मी त्यांना बरेच दिवस सांगितली नाही.

मी मोहन. ह्यूस्टनच्या बाजूच्या केमिकल प्लांट्समध्ये इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करून निवृत्त झालो आणि आता शुगर लँडमधल्या आमच्या घरात लाकूड कापत बसतो. माझी बायको पद्मिनी फार्मसिस्ट होती. तिच्या मते मला दोनच व्यसनं आहेत, लाकूड आणि नसत्या चौकशा. अहिल्याताई आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. त्यांचा मुलगा प्रथमेश तेलाच्या कंपनीत इंजिनिअर आहे, महिन्यातले अर्धे दिवस वेस्ट टेक्ससमध्ये विहिरींवर असतो. सून नीना इथेच जन्मलेली, आईवडील कानपूरचे, ती एका मिडल स्कूलची असिस्टंट प्रिन्सिपल आहे. नात अनिका आठवीत. अनिका बालवाडीत असताना तिला सांभाळायला म्हणून अहिल्याताई आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा कऱ्हाडजवळच्या साखर कारखान्यात फिटर होता. तो गेल्यावर कारखान्याची कॉलनी सोडून बाई जी उठली ती थेट साखरेचंच नाव असलेल्या गावात आली, असं मी त्यांना चिडवतो.

चौकशांच्या बाबतीत मात्र त्यांनी मला मागे टाकलं आहे. साडीवर स्पोर्ट्स शूज घालून त्या सकाळी तळ्याभोवती फिरायला निघतात आणि वाटेत जो कुणी काही उघडून बसला असेल त्याच्या खांद्यामागे जाऊन उभ्या राहतात. केबलवाला, स्प्रिंकलरवाला, विजेचा मीटर तपासायला आलेला माणूस, कुणीही. इंग्रजी जेमतेम, पण "व्हॉट इज धिस?" आणि "व्हाय?" एवढ्यावर त्यांचं छान भागतं. त्या मीटरवाल्यानं तर त्यांना हातात टॉर्च धरायला दिला होता.

तर ह्या अहिल्याताई सप्टेंबरमधल्या एका सकाळी आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मोहनराव, मला वाफेची डबी करायची आहे. लाकडाची. तुम्ही हत्यारं द्या, घासकाम मी करीन."

मला फारच आनंद झाला. त्यांना सर्दीचा त्रास आहे हे ऐकून होतो, मी लगेच कागद ओढला. पाणी किती राहायला हवं, ओवा टाकायचा की निलगिरी, झाकणाला भोकं किती, असं विचारत मी एक छोटंसं पातेलंच काढायला घेतलं. त्या शांतपणे बघत होत्या. पाणी नको म्हणाल्या. मग वाफ कशाची, असं मी विचारलं. त्यांनी बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं आणि सांगितलं, "त्या यशकडे आहे तसली. बटण दाबलं की धूर येतो ती."

यश म्हणजे ह्यूस्टनला पीएचडी करणारा नाशिकचा एक मुलगा. आमच्या मंडळाच्या गणपतीत तो पार्किंग लॉटच्या टोकाला उभा राहून वेप ओढत होता. अहिल्याताईंना पाहिल्याबरोबर त्यानं हात पाठीमागे नेला. त्या सरळ त्याच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "लपवू नकोस. मी काही तुझ्या आईला ओळखत नाही." मग तो बोलायला लागला. ती वस्तू त्यानं स्वतः बनवली होती, अक्रोडाच्या लाकडाचा ठोकळा कोरून. आत बॅटरी आणि एक छोटा बोर्ड, वर काचेची टाकी, टाकीत तार आणि औषधासारखं पातळ द्रव. बटण दाबलं की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. अहिल्याताईंनी त्याला विचारलं की हे ओढतोस कशासाठी. सिगरेट सोडायची होती म्हणून, असं तो म्हणाला. द्रवातलं निकोटिन बाटलीगणिक कमी करत आणायचं, शेवटी नुसती वाफ उरते. तो सिगरेटवरून सुटला होता. वेपवरून मात्र अजून नव्हता, आणि हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"पण तुम्हाला कशाला हवंय हे?" मी विचारलं. "तुम्ही काय सिगरेट ओढता?"

"चहा आहे का घरात?" त्या म्हणाल्या. "पद्मिनीवहिनींच्या देखतच सांगते."

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी जे सांगितलं ते असं. अहिल्याताई लहानपणापासून मिश्री लावतात. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली, चुरून पूड केलेली तंबाखू, बोटावर घ्यायची आणि दातांवरून फिरवत राहायची. त्यांची आई लावायची, आत्या लावायची, शेजारणी लावायच्या. जेवण झालं की बोट आपोआप तोंडाकडे जातं. प्रथमेशनं व्हिसाचे कागद केले तेव्हा त्याला सांगितलं होतं की सोडली. त्यानं विश्वास ठेवला. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मिश्री भाजायला तवा तापवला आणि घरातले धुराचे सगळे अलार्म एकदम वाजायला लागले. मिरच्या करपल्या असं सांगून वेळ मारून नेली. तेव्हापासून भारतातून येणाऱ्या कुणा ना कुणाच्या बॅगेत काळ्या मसाल्याच्या पाकिटांमध्ये एक पाकीट वेगळं असतं. त्यांतलं एक मीच एकदा आणून दिलं होतं आणि त्याच्या वासावरून पद्मिनीनं तेव्हाच नाक मुरडलं होतं.

"आणि नीनाला ठाऊक नाही?" पद्मिनीनं विचारलं.

अहिल्याताईंनी तेही सांगितलं. नीनानं लग्नानंतर एकदा त्यांच्या हातात स्टीलची डबी पाहिली होती आणि ह्यात काय असतं म्हणून विचारलं होतं. ह्यांनी खरं ते सांगितलं. "मिश्री," म्हणाल्या. तर नीनाला केवढा आनंद झाला. कानपूरकडच्या माणसाला मिश्री म्हणजे खडीसाखर. तिची नानी बडीशेप आणि मिश्री अशीच डबीत घालून कनवटीला ठेवायची. सासूच्या आणि आपल्या नानीच्या सवयी जुळल्या म्हणून ती हरखून गेली. तेव्हापासून ती पटेलांच्या दुकानात गेली की सासूसाठी आठवणीनं मिश्रीचं पाकीट आणते. दोऱ्याची, बिनदोऱ्याची, केशराची. अहिल्याताई घेतात, छान आहे म्हणतात आणि कपाटात ठेवून देतात. प्रथमेशला वाटतं, मिश्री सुटली म्हणून आई आता खडीसाखर खाते.

पद्मिनी पदराआड हसायला लागली. मीही हसलो. अहिल्याताई हसल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये दाढ दुखली म्हणून नीना त्यांना डेंटिस्टकडे घेऊन गेली होती. डेंटिस्टनं गालाच्या आतला एक पांढरा डाग बघितला, बराच वेळ बघितला आणि विचारलं की तंबाखूची कसली सवय आहे का. "तेव्हा मी ठरवलं, सांगून टाकू," अहिल्याताई म्हणाल्या. "मी म्हटलं, मिश्री लावते. नीनानं त्याचं इंग्रजी केलं."

"काय केलं?"

"साखर. खडीसाखर फार खातात म्हणाली."

मग डेंटिस्टनं साखर बंद करायला सांगितली, एक दाढ गालाला घासत होती ती गुळगुळीत केली आणि डाग गेला नाही तर तुकडा काढून तपासू असं सांगून पुन्हा बोलावलं. गाडीत बसल्यावर नीना रडली. मीच तुम्हाला पाकिटं आणून आणून खायला घातली, असं म्हणाली. घरी येऊन तिनं कपाटातली सगळी खडीसाखर कचऱ्यात टाकली. अहिल्याताई बाजूला उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. पुढची तारीख त्यांनी सर्दीचं निमित्त करून ढकलली. आता ती दसऱ्यानंतरच्या सोमवारी होती. तोवर मिश्री सुटली तर डाग जाईल, डाग गेला तर कुणाला काही सांगावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्यासाठी ही डबी.

पद्मिनीनं त्यांना सरळ सुनावलं. डाग कसला आहे ते डॉक्टरनं ठरवायचं, आणि डॉक्टरला खरं कळल्याशिवाय तो काय डोंबल ठरवणार. वेप म्हणजे औषध नव्हे, निकोटिन ते निकोटिनच. सोडायचंच असेल तर च्युइंगगम मिळतं, दंडाला चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, डॉक्टर मदत करतो. अहिल्याताईंनी सगळं ऐकून घेतलं. गम दाताला चिकटतं म्हणाल्या. पट्टी दंडावर असते, बोटाला काय काम मग, असं विचारलं. आणि मदत मागायची म्हणजे आधी सांगायला हवं.

"नीनाला सांगा ना," मी म्हटलं. "ती काय खाणार आहे का तुम्हाला?"

"ती शाळेत दिवसभर पोरांच्या तंबाखू-बिंबाखूच्या मागे असते, मोहनराव. घरी तिची सासू तेच करते हे कळलं तर अनिकाला ती माझ्या खोलीत झोपू देईल का?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मी गराजमधून आणलेला कागद पुन्हा पुढे ओढला. पद्मिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या दिवशी जेवताना भाजीला नावं ठेवली नाहीत.

आता मी कबूल करतो की वस्तू कशी बनते ह्याची उत्सुकता लागली की माझं बाकीचं डोकं बंद पडतं. अहिल्याताईंचंही तसंच. आम्ही यशला फोन केला आणि लागणाऱ्या गोष्टी मागवल्या. बोर्ड तयारच घ्यायचा, शॉर्ट झालं तर स्वतःहून बंद पडणारा, हा माझा हट्ट होता. काचेची टाकीही तयार. आपण करायचं ते लाकडाचं अंग. लाकूड कुठलं हे मी विचारायच्या आत त्यांनी मेस्कीटच्या ठोकळ्यावर हात ठेवला.

त्यानंतर जवळजवळ रोज त्या यायच्या. शनिवारी अनिकाही असायची. ती बाहेर ड्राइव्हवेवर बसून फोन बघायची, आजी आणि काका आत कसला तरी बॉक्स करताहेत एवढंच तिला माहीत. मी ड्रिलखाली ठोकळा धरून बॅटरीसाठी खोल भोक पाडलं, बोर्डासाठी खाच केली. प्रत्येक गोष्टीला त्यांचं "का?" होतं. बॅटरीच्या तळाशी बारीक भोक का? बॅटरी तापून बिघडली तर वायू बाहेर पडायला वाट हवी म्हणून. तार जाड का? मागचं झाकण स्क्रूनं न लावता चुंबकानं का? मी प्लांटमध्ये इतकी वर्षं इंजिनिअर पोरांना शिकवलं, त्यांतल्या निम्म्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मला फार बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं भांडण झालं. बटण मी अंगठ्याखाली ठेवलं होतं, सगळ्यांचं तिथेच असतं. त्यांनी ते खोडून काढलं. डबी हातात घेतली, डोळे मिटले आणि जेवण झाल्यावर जसं बोट उठतं तसं उठू दिलं. उजव्या हाताची तर्जनी. ती टेकली तिथे पेन्सिलीनं खूण केली. "मिश्रीचं बोट हे," त्या म्हणाल्या. "ह्यालाच काम पाहिजे." मला नव्यानं खाच पाडावी लागली, आधीची बुजवावी लागली, आणि मी दिवसभर कुरकुरत होतो.

घासकाम त्यांचं. खरखरीत कागदापासून सुरुवात करून अगदी मऊ कागदापर्यंत. वॉर्निशला त्यांनी हात लावू दिला नाही, तोंडाशी न्यायची वस्तू आहे म्हणाल्या. तांबूस लाकूड शेवटी नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं.

मग द्रव आणायला आम्ही दोघं हायवेवरच्या एका वेपच्या दुकानात गेलो. मी टक्कल पडलेला म्हातारा आणि सोबत नऊवारीपेक्षा थोडी कमी रुबाबदार अशी पाचवारीतली बाई. काउंटरवरच्या गोंदवलेल्या मुलानं आमच्या दोघांचीही ओळखपत्रं मागितली, नियम आहे म्हणाला. अहिल्याताईंना तो फार आवडला. तंबाखूच्या चवीची बाटली त्यानं पुढे केली. त्यांनी वास घेतला आणि मला मराठीत म्हणाल्या की ह्यात तंबाखू कुठेच नाही, गुळाची चिक्की आहे. पण घेतली तीच. किती तीव्रतेची घ्यायची ते पद्मिनीनं कुरकुरत का होईना सांगून ठेवलं होतं.

पहिला झुरका त्यांनी माझ्या गराजमध्ये घेतला. खोकून खोकून लाल झाल्या. दुसऱ्याला कमी खोकल्या. वाफ सोडली आणि ती छतापर्यंत जाताना बघत राहिल्या. कशी वाटली, मी विचारलं. "बोटाला बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "दात अजून विचारताहेत."

मिश्री कमी झाली. बंद झाली नाही. दुपारची सुटली, रात्रीची राहिली. कंबरेची स्टीलची डबी कंबरेलाच होती आणि तिच्या शेजारी आता ही दुसरी आली होती. डाग आहे तसाच आहे, हे त्यांनी पद्मिनीला आरशासमोर उभं राहून दाखवलं.

दसऱ्याची शस्त्रपूजा मी दरवर्षी गराजमध्ये करतो. इथे दसरा सोयीनं शनिवारी होतो. चौरंगावर करवती, पटाशा, रंधा, मोठ्या यंत्रांना झेंडूचे हार. अहिल्याताई सकाळी लवकर येऊन तयारीला लागल्या होत्या. मी हार बांधून वळलो तर चौरंगावर हत्यारांच्या ओळीत मेस्कीटची डबीही मांडलेली. टाकी काढून ठेवलेली, नुसतं लाकडी अंग. मी डोळे मोठे केले. नव्या हत्याराची पूजा नको का, असं त्यांनी विचारलं. शिवाय ती नुसती लाकडाची पेटी दिसते, कुणाला काय कळणार. ते मला पटलं.

त्यांनी प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावलं. ओल्या कुंकवाचं बोट त्यांनी डबीवर टाकी बसते त्या पितळी तोंडावर टेकवलं, आणि मग बटणावर. माणूस कुंकू लावतो तेव्हा थोडं दाबतोच. बटण दाबलं गेलं, पितळेवरच्या ओल्या कुंकवातून वीज जायला गेली, आणि मी हट्टानं आणलेल्या त्या बोर्डानं शॉर्ट ओळखून लाल दिवा लुकलुकवायला सुरुवात केली. मी तो बघितला त्याच क्षणी नीना आणि अनिका प्रसादाचं ताट घेऊन आत आल्या.

मिडल स्कूलच्या असिस्टंट प्रिन्सिपलच्या टेबलाच्या खणात पोरांकडून काढून घेतलेले पेनसारखे वेप असतात, हायलायटरसारखे असतात, घड्याळासारखे असतात. नीनानं ताट ठेवलं, करवतीच्या शेजारून डबी उचलली, उलटी केली, पितळी तोंड बघितलं, वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. "मोहन काका, हे काय आहे?"

मी म्हटलं, लाकडाचं काम.

तिनं मला पुढे काही विचारलं नाही. ती सावकाश अनिकाकडे वळली. इतके शनिवार तू इथे येत होतीस, असं म्हणाली. अनिकाला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिचा चेहरा उतरला. "मॉम, इट्स नॉट माइन. आय स्वेअर." नीना म्हणाली की शाळेत रोज प्रत्येक मूल हेच म्हणतं. तिनं फोन मागितला, मैत्रिणींची नावं विचारली. अनिका रडायला लागली आणि आजीकडे बघायला लागली. मी तोंड उघडणार तेवढ्यात अहिल्याताई म्हणाल्या, "ते माझं आहे."

"मम्मी, प्लीज," नीना त्यांच्याकडे न बघताच म्हणाली. "तिला प्रोटेक्ट नका करू."

"नीना. इकडं बघ. मिश्री म्हणजे साखर नाही."

नीनानं वळून पाहिलं. तिला वाटलं असावं की आपलं मराठी कमी पडतंय. अहिल्याताईंनी कंबरेची स्टीलची डबी काढली, उघडली, आणि काळी पूड बोटावर घेऊन आम्हा सगळ्यांच्या देखत दातांवरून फिरवली. वरचे दात, खालचे दात. सुनेसमोर त्यांनी हे कधी केलं नव्हतं. त्या मध्येच थांबल्या नाहीत.

"तुझी मिश्री साखर," त्या म्हणाल्या. "आमची मिश्री तंबाखू."

पद्मिनीनं अनिकाला जवळ घेतलं. नीना माझ्या स्टुलावर बसली. हळूहळू तिला एकेक गोष्ट आठवत गेली असावी, कारण तिचा चेहरा बदलत गेला. शेवटी ती डेंटिस्टच्या खोलीशी येऊन थांबली. "म्हणजे त्यांनी टोबॅको विचारलं, तुम्ही खरं सांगितलं, आणि मी..."

"तू शब्दाला शब्द बरोबर सांगितलास," अहिल्याताई म्हणाल्या. "गाडीत रडलीस तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. भ्यायले. तू अनिकाला माझ्यापासून लांब करशील असं वाटलं."

"आय वॉज बीटिंग मायसेल्फ अप ओव्हर इट," नीना म्हणाली, आणि मग मराठीत, "मला वाटत होतं मी तुम्हाला आजारी केलं. रोज वाटत होतं." ती रागावली होती. ती आवाज न चढवता बोलत होती आणि त्यामुळे ऐकायला जास्त जड जात होतं. अहिल्याताई खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांनी माफी मागितली. नीना त्यावर बरं किंवा असू दे असलं काही म्हणाली नाही. आधी तिनं अनिकाला सॉरी म्हटलं.

मग तिनं घड्याळ बघितलं. डेंटिस्टचं ऑफिस शनिवारी अर्धा दिवस उघडं असतं. तिनं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि रिसेप्शनवरच्या बाईला सासूचं नाव आणि जन्मतारीख सांगितली. सोमवारपर्यंत थांबायचं नाही, आजच डॉक्टरला कळायला हवं, आम्ही मागच्या वेळी चुकीची माहिती दिली होती, असं म्हणाली. रिसेप्शनिस्टनं विचारलं, कसली माहिती.

नीनानं फोन अहिल्याताईंसमोर धरला. "तुम्ही सांगा, मम्मी. ह्या वेळी मी ट्रान्सलेट करणार नाही."

अहिल्याताईंनी फोन घेतला. काळ्या झालेल्या बोटाचा डाग त्याच्या काचेवर उमटला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी काही मदत करीन ह्या आशेनं, आणि मी पहिल्यांदाच गप्प बसलो.

"टोबॅको," त्या फोनमध्ये पुटपुटल्या.

"सॉरी मॅम," पलीकडून आवाज आला, "आय डिडंट कॅच दॅट. कॅन यू से इट अगेन?"

अनिका त्यांच्याकडेच बघत होती. अहिल्याताईंनी पदरानं तोंड पुसलं, फोन ओठांजवळ नेला आणि तोच शब्द परत सांगितला, ह्या वेळी बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.